बाविसावी खूण

रोज सकाळी कामाला बसायच्या आधी ती भिंग पुसायची. मग सोल्डरिंग आयर्न तापत ठेवायची, त्याचं टोक ओल्या स्पंजवर एकदा चरचरवून बघायची आणि मगच खुर्ची पुढे ओढायची. अठरा वर्षांत हा क्रम चुकला नव्हता. इमारत तीन मजली होती. खाली जुळणी, मधे गोदाम आणि वर रेडिओ विभाग. हातात मावतील असे बोलायचे संच तिथे तयार व्हायचे, डोंगरात अडकलेल्यांना शोधणाऱ्या पथकांसाठी, बोगदे खणणाऱ्यांसाठी, बोटींसाठी. त्यातला ऐकणारा भाग, म्हणजे रिसीव्हर, हे तिचं काम. बोलणारा भाग कुणीही करील, असं ती म्हणायची, खरी परीक्षा ऐकण्याची. विभागात थट्टा चालायची, की पार पलीकडच्या गावातसुद्धा जपून शिंका, हिच्या रिसीव्हरला ऐकू जाईल.

त्याच विभागात तिचा नवराही होता. नवा संच तयार झाला की तो हातात घेऊन उन्हातान्हात चालत सुटायचं आणि आवाज कुठवर पोचतो ते बघायचं, ही त्याची नोकरी. पल्ला मोजणारा म्हणून सगळे त्याला पल्लेकर म्हणायचे. लग्नानंतर ओघानंच तिची पल्लेकरीणबाई झाली. पाच वर्षांपूर्वी तो असाच एका चाचणीला गेला आणि परत आला नाही. तेव्हापासून ती दोन्ही नावं विभागात कुणी तोंडातून काढली नव्हती.

तिनं मात्र त्या दिवसापासून एकच ध्यास घेतला होता. प्रत्येक नवा रिसीव्हर आधीच्यापेक्षा तिखट कानाचा. विभागप्रमुखांनी एकदा विचारलंही, की गिऱ्हाईक मागत नाही ते तुम्ही कुणासाठी करताय. सवय आहे, एवढंच ती म्हणाली. त्यांनीही पुन्हा विषय काढला नाही.

विभागाच्या टोकाला एक खोली होती, तिला सगळे पेटी म्हणत. दोन माणसं जेमतेम बसतील एवढी, आतून तांब्याच्या पत्र्यानं मढवलेली. दाराच्या चौकटीला पितळी पट्ट्यांचे दाते होते. दार लावून दांडा खाली दाबला की ते एकमेकांत घट्ट रुतत, आणि मग बाहेरच्या जगातली एकही रेडिओलहर आत येत नसे. मोबाइल मुका व्हायचा. नाजूक रिसीव्हर तपासायचा तर असली मुकी जागाच लागते.

नवा रिसीव्हर घेऊन ती पेटीत बसली तो मंगळवार होता. रिसीव्हर चालू असला आणि ऐकायला काही नसलं की स्पीकरमधून एकसारखी खरखर येते, चाळणीतून वाळू पडत राहावी तशी. ती आतल्या घटकांची स्वतःचीच खरखर असते; कुठून लहर आली की ती दबते. त्या दिवशी अकरा वाजून वीस मिनिटांनी ती खरखर किंचित खाली बसली. पुरती थांबली नाही. कुणीतरी दारावरचा पडदा हलकेच ओढून घ्यावा तशी तीनेक सेकंद मंदावली आणि पुन्हा पहिल्यासारखी झाली.

तिनं वेळ टिपून ठेवली. जोडणी ढिली असेल म्हणून सगळे टाके भिंगाखाली पाहिले. बुधवारी अकरा वीसला तेच झालं. गुरुवारीही.

ती घाबरून जाणाऱ्यातली नव्हती. असल्या गोष्टींना कारण असतं आणि ते बहुतेक वेळा आपल्याच बुडाखाली सापडतं, हे तिला अनुभवानं ठाऊक होतं. तिनं पेटीतला दिवा बंद करून पाहिला, विजेवरचा पुरवठा काढून बॅटरी लावली, मनगटावरचं घड्याळ बाहेर ठेवलं. रिसीव्हरचा सगळा बोर्ड बदलला. पेटीचं दार उघडं ठेवलं तेव्हा मात्र काहीच झालं नाही. तोच रिसीव्हर गच्चीवर नेला, तिथेही नाही. बाहेरून काही येत असतं, तर ते गच्चीवर आधी ऐकू यायला हवं होतं. हे यायचं ते फक्त दार लावून दांडा दाबल्यावर, जिथे काहीच येऊ शकत नाही तिथे.

पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी तिनं नानांना आत बोलावलं. नाना विभागातले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. निवृत्तीला वर्ष राहिलेलं, कानाला पेन्सिल खोचलेली, बोलणं मोजकं. दोघं गुडघ्याला गुडघे लावून बसले. अकरा वीसला खरखर बसली आणि पुन्हा उठली.

"कुणीतरी बटण दाबलंय," नाना म्हणाले. "बोलतही असेल. पण फार लांबून."

तिनं ती वेळ वहीत टिपली.

प्रत्येक संचाची एक खोड असते. बटण दाबल्यावर तो आपल्या ठरलेल्या लहरीवर एकदम जाऊन बसत नाही, जरा इकडेतिकडे घसरतो आणि मग स्थिर होतो. हे घसरणं दर संचाचं वेगळं, माणसाच्या चालीसारखं. विभागातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक संचाची ही चाल कागदावर काढून ठेवायचा प्रघात तिनंच पाडला होता. सोमवारी तिनं पेटीतल्या त्या तीन सेकंदांची चाल कागदावर घेतली आणि जुन्या फायली काढून बसली. दुपारपर्यंत ऐंशी कागद पाहून झाले. एक्याऐंशीव्यावर तिचा हात थांबला. आधी वर, मग दोन झोके खाली, मग शेवटी एक बारीक थरथर. हुबेहूब.

नानांनी तिच्या खांद्यावरून वाकून संचाचा क्रमांक वाचला. मग त्यांनी हळूच फाईल मिटली.

"त्या संचाची बॅटरी दोन दिवस चालायची," ते म्हणाले. "फार तर अडीच."

"माहीत आहे."

"पाच वर्षं झाली, मॅडम."

"पाच वर्षं दोन महिने," ती म्हणाली.

ती चाचणी धरणाच्या मागच्या पाण्याकाठी होती. काठानं कच्चा रस्ता, कडेला दर दोनशे पावलांवर चुन्यानं रंगवलेला दगड, त्यावर आकडा. ती जीपपाशी एका जागी राहणारा बेसचा संच घेऊन बसली होती आणि तो चालत निघाला होता. दर खुणेपाशी थांबून त्यानं आकडा सांगायचा आणि विचारायचं, ऐकू येतंय का. तिनं उत्तर द्यायचं. त्या सकाळी दोघांची धुसफूस झाली होती. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या कंपनीची नोकरी तिनं परस्पर पक्की केली होती, आणि ते पत्र त्याच्या हाती लागलं होतं. त्यानं आकांडतांडव केलं नाही. जीपमधून उतरताना एवढंच म्हणाला, "तुझा पल्ला मोठा आहे गं. माझा आपला दगडादगडाचा." हे तिला चांगलंच झोंबलं होतं.

पाण्यावरून धुकं वर चढत होतं. विसाव्या खुणेपर्यंत सगळं सुरळीत झालं. एकविसाव्या खुणेवरून त्याचा आवाज आला, ऐकू येतंय का. आवाज स्वच्छ होता. ती गप्प बसली. बसू दे जरा वाट बघत, असं तिच्या मनात आलं. वहीत तिनं लिहिलं, एकवीस, संपर्क नाही. मग तो बाविसाव्या खुणेवरून बोलला, तोच प्रश्न. तेव्हाही ती गप्प बसली आणि वहीत वेळ टाकली, अकरा वाजून वीस मिनिटं. त्यानंतर तिचाच जीव वरखाली व्हायला लागला. तिनं बटण दाबून दाबून हाका मारल्या. धुक्यातून उत्तर आलं नाही. दुपारी धुकं विरलं तेव्हा रस्ता मोकळा होता. पाणी धुंडाळून झालं, डोंगर पालथा घालून झाला. त्याची टोपीसुद्धा सापडली नाही, आणि संचही नाही.

ती वही सगळ्यांनी पाहिली होती. तिथे लहरी पोचत नव्हत्या, त्याला कोण काय करणार, असं सगळे म्हणाले. तिनं तो समज तसाच राहू दिला. नव्या नोकरीवर ती गेली नाही.

आता ती रोज त्या तीन सेकंदांची ताकद मोजून आलेख काढू लागली. रोज एक ठिपका. दहा ठिपके झाले तेव्हा पट्टी ठेवायचीही गरज उरली नाही. सरळ रेघ होती आणि ती खाली चालली होती. रोज तेवढीच, नखभर. कुणीतरी रोज एका खुणेनं लांब जात होतं. आणखी नऊ दिवसांनी ते खरखरीच्या तळाशी बुडून जाणार होतं, आणि मग जगातल्या कुठल्याच रिसीव्हरला ते सापडलं नसतं.

ती इरेला पेटली. घटक थंड केले की त्यांची स्वतःची खरखर कमी होते, म्हणून तिनं रिसीव्हर कोरड्या बर्फात पुरला. पेटीत पांढरी वाफ जमिनीलगत पसरायची आणि तिची बोटं बधिर व्हायची. त्यानं चार दिवस वाढवून मिळाले. मग तिला आणखी एक गोष्ट सुचली. खरखर रोज निराळी असते, पण तिच्याखाली रोज तेच शब्द असले तर ते एकावर एक साचत जातील. तिनं सगळ्या दिवसांची रेकॉर्डिंग अचूक एकावर एक बसवली. कितीतरी पारायणं झाल्यावर वाळू हळूहळू खाली बसली. सुरुवातीला नुसता लगदा होता, जणू तिथे रोज वेगळं काही बोललं जात होतं. तो आकडा असणार, हे तिला कळलं. आणि त्यानंतर, विहिरीच्या तळातून यावा तसा, त्याचा आवाज.

"ऐकू येतंय का?"

तिनं ते नानांना ऐकवलं. नानांनी स्पीकर बंद केला. मग म्हणाले, की हे सगळं पुसून टाका आणि रिसीव्हर गिऱ्हाइकाला देऊन मोकळ्या व्हा. तिनं नकारार्थी मान हलवली. आपण उत्तर देणार, असं ती म्हणाली.

"चाचणीचा नियम तुम्हीच लिहिला होता," नाना म्हणाले. "उत्तर आलं नाही म्हणून थांबायचं नाही. पुढच्या खुणेवर जाऊन पुन्हा विचारायचं. बेसवरून परत या म्हटल्याशिवाय परतायचं नाही. तो तेवढं करतोय. नियमाचा पक्का माणूस."

"म्हणूनच तर."

"पाच वर्षं चाललाय तो, मॅडम. कुठून कुठून गेला असेल, कोण भेटलं असेल. अशा ठिकाणी हाक मारली की एकटा माणूसच वळतो असं नाही." ते उठले. "आणि पेटीतून बाहेर काही जात नाही."

"आत तरी कुठे काही येतं, नाना?"

त्या रविवारी दुपारी तिनं सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या दोघीच घरात राहायच्या. एका ताटात जेवल्यासारखं त्यांचं चालायचं, फक्त त्याच्याबद्दल बोलणं नव्हतं. सासूबाई पलंगावर बसून उन्हातून आणलेल्या अभ्र्यांच्या घड्या घालत होत्या. पेटीचं, खरखरीचं, आलेखाचं त्यांना किती कळलं कोण जाणे. एकविसाव्या खुणेचं मात्र कळलं. त्यांचे हात थांबले.

"तुला ऐकू येत होतं?"

"हो आई. स्वच्छ."

सासूबाईंनी उरलेले चारही अभ्रे घडी करून एकावर एक ठेवले. वरून हात फिरवून सुरकुती काढली. तेवढ्या वेळात तिला वाटलं, की आता या उठून जातील आणि पुन्हा आपल्याशी बोलणार नाहीत.

"मग आता तरी बोल त्याच्याशी," त्या म्हणाल्या. "वाट बघतोय ना तो."

बुधवारी ती बेसचा जुना संच घेऊन पेटीत बसली. कोरडा बर्फ भरला. दार लावलं, दांडा दाबला. अकरा वीसला खरखर बसली, इतकी थोडी, की तिच्याखेरीज कुणाला कळलीही नसती. तीन सेकंद झाले. तिनं अंगठा बटणावर ठेवला.

घरात ती त्याला अरे-तुरे करायची. पाच वर्षं एक वाक्य तिच्या जिभेवर होतं. पण लहरींवरची भाषा वेगळी, तिथे सगळं अहो-जाहो आणि ठरल्या शब्दांतच. वेगळं काही बोललं तर तो मानणार नाही, अशी तिला धास्ती वाटली. तिनं बटण दाबलं.

"बेस बोलतंय. ऐकू येतंय. परत या."

अंगठा उचलला. मग तांब्याच्या भिंतीला टेकून, कुणालाही ऐकू जाणार नाही असं, ती म्हणाली, "ये रे."

गुरुवारचा ठिपका आदल्या दिवशीच्या वर पडला.

तिनं तो पुन्हा मोजला. नखभर वर. शुक्रवारी आणखी नखभर. रेघ वळली होती. त्या संध्याकाळी घरी जाताना ती दोन थांबे आधीच उतरली आणि चालत गेली, उगाचच, पाय हलके झाले होते म्हणून. सासूबाईंनी तिचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता कपाटातला त्याचा कोट काढून गॅलरीत उन्हाच्या जागी टांगला.

दहा दिवसांची रेकॉर्डिंग एकावर एक बसवल्यावर शब्द बदललेले होते. आधी आकड्याचा लगदा, मग "ऐकू आलं." मग एक अस्पष्ट शब्द आणि शेवटी "परत येतोय." ती हे दिवसातून कितीदा ऐकायची याला गणती नव्हती. मधला शब्द लागत नव्हता. श्वास असेल, तिनं ठरवलं. चालून दमला असेल.

एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती. मोजणीच्या यंत्राच्या पडद्यावर त्याच्या लहरीची जी केसासारखी बारीक रेघ दिसायची, ती रोज थोडी जाड होत होती. बॅटरी थकली की असं होतं, असं तिनं वहीत लिहिलं. नानांनी एकदा ती रेघ पाहिली. आधी जवळून पाहिली, मग चष्मा काढून पाहिली. त्यानंतर ते पेटीत आले नाहीत. पुढच्या सोमवारी त्यांनी आपलं टेबल आवरलं आणि निवृत्तीपर्यंतची सगळी रजा एकदम टाकली. जाताना तिच्यापाशी थांबले, कानावरची पेन्सिल काढून तिच्या टेबलावर ठेवली आणि निघून गेले.

तिनं उत्तर दिल्यापासून सदतिसाव्या दिवशी बर्फाची गरज राहिली नाही.

ती नेहमीसारखी बसली. दार लावलं होतं. अकरा वीसला खरखर बसली आणि या वेळी पुरती थांबली. पेटीत इतकी शांतता झाली, की तिला स्वतःच्या बांगडीचा आवाज आला.

"एक हजार आठशे सत्तर," तो म्हणाला.

तोच आवाज. थोडा बसलेला, चालून आलेल्या माणसाचा. तिनं दोन्ही हात तोंडावर धरले.

"ऐकू आलं," तो म्हणाला. "आम्ही परत येतोय."

बटण सुटल्याचा टक् आवाज आला.

खरखर परत आली नाही.

पुन्हा टक् झालं. दुसरं बटण सुटलं होतं. मग तिसरं. काही जवळचे वाटत होते, काही लांबचे. एक अगदी अडखळत सुटलं, लहान अंगठ्याचं असावं तसं.

तिनं नकळत पेन्सिल उचलली आणि सवयीनं मोजायला लागली, पाचापाचाच्या रेघा ओढत. अकरा सव्वीसला कागद भरला. तिनं तो उलटा केला.